यांगूनच्या खानावळीत जेवायचं कसं: वेळ, काउंटर, ताट आणि बिल

बर्मी जेवण तेलकट असतं, वास मारतं आणि वर महाग पडतं, अशी तक्रार म्यानमारहून परतलेल्या मंडळींकडून हमखास ऐकू येते. खोदून विचारलं की बहुतेक वेळा प्रकार सारखाच निघतो. रात्री आठला जेवायला गेले, चौघांत सहा रस्से मागवले आणि न मागता आलेल्या वाट्या "हे आमचं नाही" म्हणून परत पाठवल्या. म्हणजे जे फुकट आणि ताजं होतं ते परत गेलं, आणि जे सकाळपासून तेलात बसलेलं होतं तेवढंच पोटात गेलं.

थमिन साईं म्हणजे भाताची खानावळ. तिथे स्वयंपाक्याने अर्धंच काम केलेलं असतं. खारट-तेलकट रस्सा, आंबट सार, कच्ची पानं, उग्र न्गापी (आंबवलेल्या मासळीची पेस्ट) हे सगळं सुटं सुटं समोर येतं. त्याचा मेळ घालायचं काम जेवणाऱ्याचं. क्रम चुकला की जेवण बिघडतं, म्हणून खाली क्रमानेच देतो. बर्मी शब्द देवनागरीत जमतील तितके जवळचे लिहिले आहेत. बोलताना शब्दाच्या शेवटचं व्यंजन बहुधा गिळायचं.

टप्पा १: निघण्याआधी

आधी देशाची परिस्थिती बघा. फेब्रुवारी २०२१ च्या लष्करी उठावापासून म्यानमारच्या मोठ्या भागात लढाई चालू आहे, आणि २८ मार्च २०२५ च्या भूकंपाने मंडाले-सगाइंग पट्ट्यात मोठी पडझड झाली. यांगूनमधल्या भारतीय दूतावासाच्या ताज्या सूचना वाचल्याशिवाय तिकीट काढू नका. खाण्याच्या जुन्या याद्यांवरही विसंबू नका. २०१८-१९ च्या यादीतलं दुकान आज त्या जागी असेलच असं नाही. हॉटेलातल्या कर्मचाऱ्यांना "तुम्ही स्वतः दुपारी कुठे जेवता?" असं विचारा. "चांगलं रेस्टॉरंट कुठे आहे?" असं विचारलंत तर ते तुम्हाला एसी लावलेल्या, पर्यटकांच्या जागी पाठवतील.

म्यानमारला जाणं जमत नसेल तर सिंगापूरचं पेनिन्सुला प्लाझा आहे. तिथे बर्मी लोकांचीच वर्दळ असते आणि खालचे बरेचसे टप्पे तिथेही लागू पडतात. चेन्नईत बर्मा बाजाराजवळच्या गाड्यांवर मिळणारा 'अथो' हा बर्मातून परतलेल्या तमिळ कुटुंबांनी आणलेला नूडल्सचा प्रकार. चवीला झकास, पण त्यावरून भाताच्या जेवणाची कल्पना येणार नाही.

सोबत घ्यायच्या वस्तू थोड्याच: सुटे क्याट (तिथलं चलन), हात पुसायला रुमाल, ओआरएसची पाकिटं आणि एक चिठ्ठी. त्यातली चिठ्ठी सर्वांत महत्त्वाची. हॉटेलच्या रिसेप्शनवर बसून बर्मी लिपीत लिहून घ्या. तुम्ही काय खात नाही, एवढंच तिच्यावर हवं: डुकराचं मांस (वेथा), गोमांस (अमेथा), शेंगदाण्याची किंवा कोलंबीची अॅलर्जी, जे असेल ते. फोनवरचं भाषांतर बर्मीच्या बाबतीत बरेचदा दगा देतं. गर्दीच्या वेळी काउंटरवरच्या बाईला तुमचा फोन वाचायला फुरसतही नसते.

*तपासा:* लिहून घेतलेली चिठ्ठी हॉटेलमधल्याच दुसऱ्या कुणाला तरी वाचायला द्या आणि त्याला काय कळलं ते विचारा.

टप्पा २: वेळ साधा

रस्से सकाळी शिजतात आणि मग दिवसभर काउंटरवर भांड्यांतून मांडलेले असतात. ऑर्डर दिल्यावर कुणी ते नव्याने करत नाही, पुष्कळदा गरमही करत नाही. त्यामुळे सकाळी साडेदहा-अकरा ते दुपारी साडेबारा हीच खरी वेळ. भांडी भरलेली असतात, निवड भरपूर असते, आणि ऑफिसातली माणसं येत-जात असल्याने माल पटापट संपत असतो.

दुपारी तीननंतर शक्यतो जाऊच नका. यांगूनच्या उन्हाळ्यात सकाळपासून उघड्यावर राहिलेला कोलंबीचा रस्सा रात्री आठला खाणं म्हणजे पोटाशी जुगार. संध्याकाळसाठी वेगळे प्रकार आहेत. लाथा भागातल्या १९ व्या रस्त्यावर तुम्ही निवडलेल्या, मांस-भाज्या टोचलेल्या काड्या समोरच निखाऱ्यावर भाजून देतात. शान प्रांताच्या नूडल्सही मागितल्यावर ताज्या बनतात.

मोहिंगाची वेळ याहून आधीची. माशाच्या दाट रश्शात तांदळाच्या शेवया, केळीचा गाभा, वरून कुरकुरीत डाळीची भजी आणि लिंबू. हा सकाळचा नाश्ता आहे. चांगल्या गाड्यांवर नऊ-साडेनऊपर्यंत पातेल्याचा तळ दिसू लागतो. दिवसभर मोहिंगा देणारी दुकानंही आहेत, पण पहिल्यांदा खाताय तर सकाळीच खा.

टप्पा ३: काउंटरवर निवड

आत शिरल्याबरोबर टेबलावर बसून मेन्यूची वाट पाहू नका. सरळ काउंटरपाशी जा. ॲल्युमिनियमची किंवा स्टीलची पातेली ओळीने मांडलेली असतील, काहींवर झाकणं. झाकण उचलून दाखवा असं खुणेने सांगायला हरकत नाही, सगळेच सांगतात. बोटाने दाखवायचं, मान हलली की टेबलावर जाऊन बसायचं.

ओळखायचे शब्द: च्येथा म्हणजे कोंबडी, सेथा म्हणजे बोकड, न्गा म्हणजे मासा, बझून म्हणजे कोलंबी, बेउ म्हणजे बदकाचं अंडं. वेथा आणि अमेथा वर आलेच आहेत. शब्दापुढे 'हिन' लागलं की झाला रस्सा. एवढं पाठ असलं की काम भागतं.

आता तेलाविषयी. प्रत्येक पातेल्यावर बोटभर तवंग दिसेल. तो बिघाड नव्हे. कांदा, लसूण, आलं, हळद आणि मिरची तेलात परतून, पाणी आटून तेल पुन्हा वर येईपर्यंत शिजवणं ही पद्धतच आहे. तिला सी-ब्यां म्हणतात. वरच्या थरामुळे रस्सा हवेपासून थोडा सांभाळलाही जातो. वाढणारी बाई डाव खाली घालून मांस काढते आणि वर थोडं तेल सोडते. नको असेल तर 'सी' (तेल) म्हणून हाताने 'थोडं' अशी खूण करा. कुणी रागवत नाही.

दर माणशी एकच हिन घ्या. इथे सगळ्यांत जास्त चुका होतात. बशी छोटी येते, त्यात दोन-तीन तुकडे आणि चमचाभर रस. ती पाहून आपल्याला वाटतं हे पुरणार नाही, आणि आपण आणखी दोन सांगून टाकतो. पण तो रस्सा मुद्दामच खारट आणि दाट केलेला असतो, पुष्कळ भाताबरोबर थोडा थोडा खाण्यासाठी. दोघं असाल तर दोन वेगवेगळे हिन आणि वर एक भाजी किंवा थोक (कालवलेली कोशिंबीर) मागवा. पोट भरून उरेल.

पहिल्यांदा जाणाऱ्याने कोंबडी किंवा बदकाच्या अंड्याचा हिन घ्यावा असं माझं मत. कोलंबी आकर्षक दिसते, पण मोठ्या नदीच्या कोलंबीचा भाव बाकीच्यांच्या कितीतरी पट असू शकतो.

*सावधान:* कोलंबी किंवा मोठा मासा दाखवण्याआधी "बे लाउ ले?" म्हणजे "कितीला?" असं विचारा. नंतर घातलेल्या वादाचा उपयोग नाही.

आणि एक गोष्ट. मुंबईच्या लग्नांत पंगतीला असणारी खाउस्वे इथे मागू नका. नारळाच्या दुधातली ओन-नो खाउस्वे ही नूडल्सच्या किंवा चहाच्या दुकानातली वस्तू. ती एकाच वाडग्यात तयार होऊन येते, बाजूला दहा वाट्यांचा थाट नसतो.

टप्पा ४: शाकाहारी असाल तर

मांस खाणाऱ्यांनी हा टप्पा वगळला तरी चालेल. शाकाहाऱ्यांनी मात्र सावकाश वाचावा.

"नो मीट" म्हटलं की समोरचा हसून मान डोलावतो आणि भेंडीची भाजी आणून देतो. त्या भाजीत सोडे असतात. त्याने फसवलेलं नसतं. सोडे, फिश सॉस आणि न्गापी हे त्याच्या हिशेबात मांस नाही, मीठ-मसाला आहे. आंबवलेल्या मासळीची किंवा कोलंबीची ती पेस्ट, न्गापी, भाजीत, सारात, कोशिंबिरीत, कुठेही असते.

शब्द वापरा: थे-था-लू. बौद्ध परंपरेतला हा शब्द, जिवाची हत्या टाळून केलेल्या अन्नासाठी. तो म्हटला की विषय कळतो. त्यावर एकेक नाव घेऊन सांगा: "न्गापी म थे बा ने", न्गापी घालू नका. हेच 'न्गान-ब्या-ये' (फिश सॉस) आणि 'बझून छाउ' (सोडे) लावून पुन्हा म्हणा. तीनही वेगवेगळे सांगावे लागतात. एकाला नाही म्हटलं म्हणून बाकीची दोन आपोआप गळत नाहीत.

पण काउंटरवरच्या पातेल्यात जे आधीच पडलंय ते काढता येत नाही, म्हणून नियम असा की शाकाहाऱ्याने शिजून तयार असलेलं काही घेऊ नये, समोर कालवलेलं किंवा नव्याने परतलेलं घ्यावं. थोक समोर कालवतात, त्यामुळे सोडे आणि फिश सॉस वगळून मिळू शकतात. शान पद्धतीचं तोहू सोयाबीनचं नसून हरभऱ्याच्या पिठाचं असतं. त्याचे तळलेले तुकडे किंवा थोक चांगलं लागतं. तोहू न्वे म्हणजे तेच पीठ घट्ट न होऊ देता, गरम आणि दाटसर असं नूडल्सवर ओततात. त्यावर कोंबडीचा खिमा घालायची पद्धत आहे, तो नको म्हणून आधीच सांगा.

चिंबाउं म्हणजे आपली अंबाडी. परतलेली अंबाडी आणि अंबाडीचं सार पाहून शाकाहारी मराठी माणूस खूश होतो, पण इथेच तो हमखास फसतो. दोन्हींत सोडे किंवा न्गापी असण्याची शक्यता फार मोठी.

मोहिंगाचा नाद सोडा. मासा हाच त्याचा रस्सा आहे, त्यातून काय वगळणार? सकाळसाठी चहाच्या दुकानात पेब्यो, म्हणजे उकडलेले वाटाणे, तंदुरी नान-ब्या बरोबर मिळतात. पलाटा म्हणजे पराठाही असतो. ही सोय शाकाहाऱ्याला सगळ्यात भरवशाची. यांगूनच्या मध्यवर्ती भागात दक्षिण भारतीय वंशाच्या लोकांची दुकानं आहेत, तिथे डोसाही मिळतो.

बौद्धांच्या वर्षावासात, साधारण जुलै ते ऑक्टोबर, बरेच लोक मांस सोडतात. त्या दिवसांत थे-था-लू मागणं सोपं जातं. कांदा-लसूण न खाणाऱ्यांनी मात्र खानावळीच्या वाटेला जाऊ नये. प्रत्येक पातेल्याची सुरुवातच त्यापासून होते. त्यांनी फळं, उकडलेलं मक्याचं कणीस आणि भात यांवर वेळ मारून न्यावी.

*तपासा:* थोक आलं की पहिला घास घेण्याआधी चमच्याने उलटंपालटं करा. बारीक नारिंगी-गुलाबी भुगा दिसला तर ते कुटलेले सोडे.

टप्पा ५: न मागता येणाऱ्या वाट्या

तुम्ही टेबलावर बसता. भात येतो, आणि मागोमाग बशांची रीघ लागते. सार, बहुधा अंबाडीचं आंबट किंवा दुधी-भोपळ्याचं पातळ. मग तोझया: काकडी, कोबी, चवळीच्या शेंगा, छोटी हिरवी वांगी, मंडूकपर्णीची पानं, काही कच्चं, काही उकडलेलं. मधोमध न्गापी-ये, म्हणजे न्गापीचं पातळ, तिखट कालवण. कधी बलचाउं, म्हणजे सोडे, लसूण आणि मिरची कुरकुरीत तळून केलेला कोरडा प्रकार.

साध्या खानावळीत हे सगळं हिनच्या किमतीतच धरलेलं असतं. भात, सार आणि पाला संपला की पुन्हा वाढतात. परत पाठवू नका. मात्र एसी लावलेल्या मोठ्या रेस्टॉरंटात काही बशांचे पैसे लागतात, आणि तळलेली भाजी किंवा थोक सगळीकडेच वेगळं धरतात. शंका आली तर बशी दाखवून विचारा.

*सावधान:* कच्च्या पाल्याचा मोह आवरा. नळाच्या पाण्यात धुतलेली पानं स्थानिकांना सोसतात. पहिल्या दिवशी उकडलेलंच घ्या, काकडी सोललेली असेल तर ती. बाटलीचं पाणी मागवा. टेबलावरच्या थर्मासमधला फिकट हिरवा चहा, येन्वेजां, उकळलेला आणि फुकट असतो. मी जेवताना तोच पितो.

तोझयात कधी चपट्या गोल, तपकिरी, उग्र वासाच्या बिया दिसतील. ती दन्यिनदी. स्थानिक लोक न्गापीबरोबर आवडीने खातात. जास्त खाल्ल्या तर लघवीला जळजळ होऊन मूत्रपिंडाला त्रास होऊ शकतो. चव बघायला एखादी चकती पुरे. मूतखड्याचा त्रास असलेल्यांनी तीही नको.

टप्पा ६: आता जेवा

उजव्या हाताने जेवायला काही हरकत नाही, आजूबाजूचे बरेच जण तसेच जेवतील. हात धुवायला कोपऱ्यात बेसिन असतं. काटा-चमचा घेतलात तर चमचा उजवीकडे, काटा डावीकडे. काट्याने फक्त चमच्यावर लोटायचं. सोबत बर्मी यजमान असतील तर सर्वांत वडीलधाऱ्या माणसाच्या पानात पहिल्यांदा वाढलं जाईपर्यंत थांबा.

पानाची मांडणी अशी. भात मधोमध. हिनचा एक तुकडा आणि अर्धा चमचा रस भाताच्या कडेला, सगळ्यावर ओतायचा नाही. तवंगाखालचा रस घ्या आणि वरचं तेल बशीच्या एका बाजूला सारून ठेवा. तेवढाच भात कालवून एक घास. मग काकडीचा तुकडा न्गापी-येत जेमतेम टेकवून एक घास. मग साराचा घोट. पुन्हा भात. सार आधी पिऊन संपवायचं नाही, शेवटीही ठेवायचं नाही. प्रत्येक दोन-तीन घासांनंतर ते तेल कापतं. आंबट साराचं काम तेच आहे, आणि म्हणूनच ती वाटी परत पाठवणाऱ्याला जेवण तेलकट लागतं.

न्गापी पहिल्यांदा चाखताना चमच्याने तोंडात घालू नका. टेकवलेल्या काकडीवर जेवढी लागते तेवढीच. सुकट-बोंबलाच्या वासात वाढलेल्या कोकणी माणसाला जड जाऊ नये, पण आंबवल्याचा जो दर्प असतो तो सुकटीत नसतो, हे आधीच सांगून ठेवतो.

तिखटाचा प्रश्न बहुधा उलटाच येतो. बर्मी हिन आपल्या जिभेला फारसे झणझणीत लागत नाहीत. मिठाने आणि तेलाने भरलेले, मिरचीने नव्हे. तिखट हवं तर टेबलावर तळलेली सुकी मिरची किंवा मिरचीचा भुगा असतो. तो आपापल्या पानात घ्यायचा, सगळ्यांच्या बशीत टाकायचा नाही.

*तपासा:* अर्धं जेवण झाल्यावर बशीकडे बघा. हिन संपून भात उरला असेल तर घास मोठे होताहेत. भात पुन्हा मिळेल, हिनचे मात्र पुन्हा पैसे.

टप्पा ७: चहाची पानं आणि ताडगूळ

जेवण आटोपताना ताडगुळाचे खडे येतात किंवा बरणीत टेबलावर असतातच. एखादा तोंडात टाका. गोडाचा वेगळा पदार्थ शोधत बसू नका.

लाफेथोक म्हणजे आंबवलेल्या चहाच्या पानांचं थोक. त्यात तळलेल्या डाळी, शेंगदाणे, तीळ, लसूण, टोमॅटो, कोबी आणि बहुतेक वेळा सोडे. हे घ्याच. तेलकट, तुरट, कुरकुरीत, सगळं एकाच घासात. पण ही खरोखरची चहाची पानं आहेत आणि पोटात गेल्यावर कॅफिनचं काम करतात. दुपारी खाल्लंत तर तरतरी येते. रात्री दहाला खाल्लंत तर छताकडे बघत पडाल. शेंगदाण्याची अॅलर्जी असलेल्यांनी चिठ्ठी इथे पुन्हा दाखवा, "शेंगदाणे काढून द्या" म्हणून भागत नाही. तळणाचं तेलही शेंगदाण्याचं असू शकतं.

टप्पा ८: हाक आणि बिल

वाढणाऱ्याला बोलावायला स्थानिक लोक ओठांनी मुका घेतल्यासारखा आवाज करतात. परक्याच्या तोंडी तो विचित्र वाटतो, करू नका. वयाने मोठ्या पुरुषाला 'अको', बाईला 'अमा' म्हणा, दादा-ताई म्हणतो तसं. बिलासाठी "शिन मे". नोटा उजव्या हाताने द्या आणि डावा हात उजव्या कोपराला हलकेच लावा. तिथे वडीलधाऱ्यांना काही देण्याची हीच रीत आहे. निघताना "चेझू तिंबादे".

बिल रिकाम्या बशा मोजून होतं. म्हणून मुलांनी खेळता खेळता शेजारच्या टेबलावरच्या बशा आपल्यात मिसळू नयेत एवढं बघा.

चहाच्या दुकानात हिशेब आणखी वेगळा. बसल्या बसल्या समोसे, पलाटा, केक अशा बशा न मागताच टेबलावर येतात. त्या फुकट नाहीत, पण खाल्लेल्या नगांचेच पैसे. दोन समोसे खाऊन तीन सोडले तर दोनाचे. नको असेल तर हात लावू नका, तशीच राहू द्या. वाढणाऱ्या पोराला बशी उचलून न्यायला सांगायचीही गरज नाही. चहा सांगताना नुसतं "टी" म्हटलं तर काहीही येईल: कंडेन्स्ड मिल्कचा दाट गोड हवा तर 'छोसेइन', कडक आणि कमी गोड हवा तर 'चासेइन'. साखर वर्ज्य असलेल्यांनी दोन्ही सोडून थर्मासमधलाच घ्यावा.